साडूभाऊंची तीन मिनिटं

अख्ख्या ओहायो राज्यात फुटबॉलच्या मॅचचं तिकीट काढून चेंडूकडे एकदाही न बघणारा एकच माणूस आहे, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान मूळचे नागपूरचे. ओहायोतल्याच डब्लिन गावात एका विमा कंपनीत नोकरी करतात आणि आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडे राहतात. मी त्यांना 'साडूभाऊ' म्हणतो, तेही मला 'साडूभाऊ'च म्हणतात, त्यामुळे कौटुंबिक समारंभात कोणी ही हाक मारली की आम्ही दोघंही ताटावरून उठतो. इथल्या कॉलेज फुटबॉलचं, म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायच्या अमेरिकन फुटबॉलचं, वेड मी काय वर्णन करावं! शनिवारी सामना असला की दूधवाल्या दुकानापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळं गाव एका रंगात बुडतं. त्या लाख माणसांच्या गर्दीत साडूभाऊ पांढरा बुशशर्ट घालून बसतात आणि गळ्यातली दुर्बीण मैदानाच्या कडेला रोखतात. पहिल्यांदा त्यांच्यासोबत गेलो तेव्हा मी विचारलं, "काय बघताय?" त्यांनी दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावली. कडेला हातात घड्याळ घेऊन एक माणूस उभा होता. "तो बघा. टीव्हीवर जाहिराती चालू आहेत तोवर तो हात खाली करत नाही, आणि तो हात खाली करत नाही तोवर ही बावीस पोरं थंडीत नुसती उभी राहतात. तुम्हाला वाटते पंच तो पट्ट्यापट्ट्यांचा शर्टवाला आहे. अरे बावा, खरा पंच हा आहे!" त्या दिवशी सामना कोणी जिंकला हे आम्हाला दोघांनाही पार्किंगमध्ये कळलं.

कॉलेजच्या खेळाडूंना पैसे मिळाले पाहिजेत, हे त्यांचं आयुष्यभराचं म्हणणं. ते म्हणणं नव्हतंच, दुखणं होतं. टीव्हीवाले कमावतात, बिअरवाले कमावतात, प्रशिक्षक तर गव्हर्नरपेक्षा जास्त कमावतो, आणि ज्याच्या खुब्याचं हाड सरकतं त्याला काय, तर शिष्यवृत्ती आणि शाबासकी! एकदा आम्ही त्यांच्यासाठी वाढदिवसाला संघाची जर्सी घ्यायला दुकानात गेलो. त्यांनी पाठीवरच्या आकड्यावर बोट ठेवून काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "हा आकडा ज्या मुलाचा आहे, त्याला यातलं काय मिळतं?" ती बिचारी हसून म्हणाली, "सर, वुड यू लाइक अ बॅग?" साडूभाऊंनी जर्सी घडी करून जागेवर ठेवली आणि वाढदिवसाला टोपीसुद्धा घेतली नाही. मंडळाच्या गणपतीत तर त्यांनी कहर केला. एक हृदयरोगतज्ज्ञ, वर्षभराची तिकिटं आगाऊ घेणारे, मोदक खाताखाता म्हणाले, "अहो, त्या पोरांना फुकट शिक्षण मिळतं, फुकट जेवण मिळतं, अजून काय पाहिजे?" साडूभाऊ अतिशय नम्रपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हॉस्पिटलात तुम्हालाही जेवण फुकट मिळून राहिलं ना? मग पगार कायले घेता?" डॉक्टरांनी दुसरा मोदक घेतला नाही. मला मात्र त्यानंतर त्यांची अपॉइंटमेंट घेताना दरवेळी संकोच वाटतो.

त्यांची पत्रं हा आणखी एक प्रकार. कुठल्या ना कुठल्या विद्यापीठाच्या अध्यक्षांना ते सतत लिहायचे, आणि तेही नागपूरच्या सरकारी कचेरीत अर्ज करावा तशा थाटात. वर विषय, खाली संदर्भ, मग 'उपरोक्त विषयान्वये विनम्र निवेदन' याचं जमेल तसं इंग्रजी, आणि शेवटी 'आपल्या त्वरित कार्यवाहीच्या अपेक्षेत'. उत्तर यायचं ते देणगी कुठे पाठवावी याचं. ते उत्तरही साडूभाऊ भोक पाडून फाइलला लावायचे. "पुरावा आहे," म्हणायचे.

या हट्टाचं मूळ मला त्यांनी एकदाच सांगितलं, तेही जिना उतरताना थांबावं लागलं म्हणून. तरुणपणी ते विद्यापीठाकडून कबड्डी खेळायचे. परगावच्या एका स्पर्धेत चढाईला गेले आणि गुडघा उलटा वळला. संघ पुढच्या फेरीत गेला. व्यवस्थापकांनी यांच्या हातात सहभागाचं प्रमाणपत्र दिलं आणि एकट्याला नागपूरच्या बसमध्ये बसवून दिलं. "पाय पुढच्या सीटवर ठेवला तर कंडक्टर म्हणे, दोन तिकिटं काढा," असं सांगून ते हसले होते. मी हसलो नव्हतो.

तर अशा माणसाला एक दिवस कळलं की नियम बदलले, आता विद्यापीठं खेळाडूंना स्वतःच्या तिजोरीतून थेट पैसे देऊ शकणार. माझी बायको सांगते की त्या सकाळी भाऊजी ऑफिसात जाताना पहिल्यांदा शीळ वाजवत गेले. ताईंनी, म्हणजे तिच्या बहिणीने, दूध पावडरचे पेढे करून दिले होते. ऑफिसात कोणीतरी विचारलं, घरात बाळ आलं का? तर म्हणाले, "नाही, न्याय आला." त्यांची मुलगी ईरा तेव्हा कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात जात होती. इथून दोन तासांवरच्या एका विद्यापीठात ती सिव्हिल इंजिनिअरिंग शिकत होती आणि तिथल्या संघाकडून डायव्हिंग करत होती. तीन मीटर उंच लवचीक फळीवरून हवेत गिरक्या घेत पाण्यात सूर मारायचा, हा तिचा खेळ. वयाच्या आठव्या वर्षापासून तिचे केस कधी पूर्ण कोरडे झालेले मी पाहिले नव्हते. पेढे तिलाही पाठवले होते. तिने फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, 'प्राउड ऑफ यू बाबा'. तो फोटो साडूभाऊंनी मला तीनदा फॉरवर्ड केला.

डिसेंबरात, परीक्षा संपायच्या आठवड्यात, ईराच्या विद्यापीठाने पोहण्याच्या आणि डायव्हिंगच्या मुलामुलींना एका व्हिडिओ कॉलवर बोलावलं. दहा मिनिटांचा कॉल. सूट घातलेल्या एका गृहस्थांनी कागद वाचून दाखवला की खेळांचं अर्थकारण बदललं आहे, खेळाडूंना मोबदला देण्याची नवी जबाबदारी आली आहे, आणि म्हणून या हंगामाअखेर हे दोन संघ बंद करण्याचा प्रस्ताव विश्वस्तांपुढे ठेवला जात आहे. प्रश्न विचारायची सोय बंद ठेवली होती. ईराने घरी फोन केला तेव्हा योगायोगाने मी साडूभाऊंच्या स्वयंपाकघरात मिक्सर परत द्यायला गेलो होतो. ताईंनी फोन स्पीकरवर टाकला. ईरा रडत नव्हती, एवढंच म्हणाली, "आई, दे आर कटिंग अस. फुटबॉलला पैसे द्यायचेत म्हणून." ताईंनी फोन ठेवला, ओट्यावरचं फडकं उचललं, परत ठेवलं आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "झालं तुमच्या मनासारखं?"

साडूभाऊ बंद असलेला नळ पुन्हा पुन्हा घट्ट करत राहिले. मिक्सर हातात घेऊन मी तसाच उभा राहिलो.

त्यानंतरचा महिना त्या घरात जाणं म्हणजे तापलेल्या तव्यावर पाय ठेवणं होतं. विद्यापीठाच्या विश्वस्तांची बैठक जानेवारीत होती, आणि तिथे लोकांना बोलायला मिळणार होतं. प्रत्येकी तीन मिनिटं. पालकांनी एक समिती केली. तिच्या पुढारी होत्या संघातल्याच एका मुलीच्या आई, पेशाने वकील, बोलण्यात सुरीसारख्या. त्यांना कोणीतरी सांगितलं की ईराच्या वडिलांकडे या विषयाची अख्खी फाइल आहे. झालं, साडूभाऊंचं नाव वक्त्यांच्या यादीत गेलं आणि काय बोलायचं ते टाइप केलेलं एक पान घरी आलं. रविवारी दुपारी ते जेवणाच्या टेबलावर पडलं होतं. पहिलंच वाक्य असं होतं की फुटबॉलच्या मुलांचे खिसे भरण्यासाठी आमच्या मुलांचा तलाव रिकामा करू नका. पुढे सगळं त्याच अंगाने होतं, की खेळाडूंना शिक्षण फुकट मिळतंच, वर पगार देणं हीच मुळात चूक आहे, तो थांबवा आणि आमचे संघ वाचवा.

साडूभाऊंनी पान वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"वाचाल ना?" ताईंनी विचारलं.

"इंग्रजी चांगलं आहे," ते म्हणाले.

"मी इंग्रजीचं विचारलं नाही."

"उपमा अगदी नेमकी आहे. तलाव रिकामा म्हणे."

"अहो, तुमच्या मुलीचा प्रश्न आहे. एकदा, फक्त एकदा, जगाचं राहू द्या."

साडूभाऊंनी पानाची चौघडी केली आणि वरच्या खिशात ठेवली. ताई माझ्याकडे बघत राहिल्या, जणू त्या खिशाची जबाबदारी माझी होती.

बैठकीच्या दिवशी गाडी मी चालवली, कारण साडूभाऊंचा गुडघा थंडीत ब्रेकवर नीट बसत नाही, आणि ताईंना सुटी मिळाली नव्हती. रस्त्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा होता. पुढचा ट्रक मधूनच शेपटी हलवल्यासारखा सरकायचा आणि माझे हात स्टिअरिंगवर घट्ट व्हायचे. एरवी हे गृहस्थ शेजारी बसले की रेडिओची गरज नसते. त्या दिवशी दोन तासांत दोनदाच बोलले. अर्ध्या वाटेवर पेट्रोल भरायला थांबलो, तेव्हा त्यांनी कॉफी आणली आणि ती वाईट आहे असं म्हणालेसुद्धा नाहीत. त्याने मी खरा घाबरलो. शेवटी मीच विचारलं, "साडूभाऊ, पान आहे ना?"

"आहे."

"आणि?"

"ते खोटं आहे, साडूभाऊ. पोरगी खरी आहे आणि पान खोटं आहे. सांगा आता." विद्यापीठाचा फाटा आला आणि मी गाडी वळवली.

सभागृह भरलं होतं. समोर लांब टेबलामागे विश्वस्त बसले होते, त्यांच्यापुढे पाण्याच्या बाटल्या रांगेत. बोलणाऱ्याच्या स्टँडवर तीन दिवे होते, हिरवा, पिवळा, लाल. दुसऱ्या रांगेत संघाची मुलंमुली सारख्या जाकिटांत बसली होती. ईराच्या मांडीवर एक फलक होता. तिने आम्हाला पाहिलं, हात हलवला आणि बापाकडे बघून अंगठा वर केला. साडूभाऊंनीही अंगठा वर केला, पण तो जरा उशिरा.

त्यांचा नंबर सातवा होता. आधीचे सहाही जण चांगलं बोलले. एक मुलगा बोलताबोलता रडला. वकीलबाईंनी तर अशी मांडणी केली की दोन विश्वस्तांनी पेन उचललं. "आता पुढच्या वक्त्याकडे आकडे आहेत," असं म्हणून त्या खाली बसल्या. साडूभाऊ एकेक पायरी करत खाली गेले, खिशातून पान काढलं, उलगडलं, हाताने सपाट केलं. हिरवा दिवा लागला. ते पान पुन्हा पुन्हा सपाट करत राहिले. माझ्या शेजारच्या बाईने खुर्चीचा हात धरला. मला घड्याळाचा काटा ऐकू येत होता, आणि ते घड्याळ माझंच होतं.

"माझी मुलगी तुमच्या डायव्हिंगच्या संघात आहे," ते त्यांच्या नागपुरी इंग्रजीत म्हणाले. "मला हे पान वाचायला दिलं आहे. यात लिहिलंय, फुटबॉलच्या मुलांना पैसे देऊ नका. मला हे वाचता येत नाही."

सभागृहात कोणीतरी खोकलं आणि मध्येच थांबलं.

"ती मुलं दर शनिवारी तुमच्यासाठी हाडं मोडून घेतात. त्यांना मिळतंय ते त्यांच्या घामाचं आहे, आणि उशिरा मिळतंय. त्यातलं काढून माझ्या मुलीला देऊ नका. ती घेणार नाही. पण मग मला हे सांगा, गेल्या वर्षी तुम्ही फुटबॉलच्या ज्या प्रशिक्षकांना काढून टाकलंत, त्यांना अजून पगार देताय. करारात तसं आहे, मी वाचलंय. तो न शिकवण्याचा पगार आहे. एका माणसाला काम न करण्यासाठी देता येतो, आणि या पोरांना पोहण्यासाठी पैसा नाही?" पिवळा दिवा लागला. मागच्या रांगांतून दोन-चार टाळ्या पडल्या. साडूभाऊंचा आवाज चढला. "तुम्ही दोन घरची लेकरं एका ताटावर बसवलीत आणि म्हणता, ताट लहान आहे. ताट लहान नव्हतं. यांच्या आधी त्यावर कोण जेवून गेलं, तेवढं सांगा!"

लाल दिवा लागला. ध्वनिक्षेपक आपोआप बंद झाला, त्यामुळे शेवटचं 'थँक यू' त्यांनी नुसत्या तोंडाने केलं.

वकीलबाई उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही नक्की कोणाचे वडील आहात?"

तेव्हाच दुसऱ्या रांगेत ईरा उठली. तिने फलक खुर्चीवर पालथा ठेवला आणि मैत्रिणींच्या गुडघ्यांमधून वाट काढत दाराबाहेर गेली. साडूभाऊ तिच्यामागे निघाले. त्या गुडघ्याने माणूस एवढ्या झपाट्याने पायऱ्या चढू शकतो, हे मी प्रथमच पाहिलं. मी मागोमाग गेलो, आणि बाहेर जाऊन पस्तावलो, कारण त्या दोघांमध्ये उभं राहायला जागा नव्हती.

"ती घेणार नाही?" ईरा म्हणाली. "बाबा, हाउ डू यू नो? मी घेतले असते. आय वुड हॅव टेकन इट फ्रॉम एनीवन. मला डाइव्ह करायचं होतं, बस."

"अगं, पण ते खरं नव्हतं—"

"आय नो ते खरं नव्हतं! तू जे बोललास ते सगळं बरोबर होतं. तू नेहमीच बरोबर असतोस."

"मग तू बोलायचं होतंस, तुझ्या मनातलं," साडूभाऊ म्हणाले. ते रागाने नव्हते म्हणाले, पण बोलायला नको होतं.

ईरा त्यांच्याकडे बघत राहिली. "माझं नाव होतं यादीत. मग कमिटीवाले म्हणाले, एका घरातून एकच. सो आय गेव्ह यू माइन. माझी तीन मिनिटं मी तुला दिली, बाबा."

ती वळून गेली. साडूभाऊ भिंतीला टेकले. आत आठवा वक्ता बोलायला लागला होता. एक माणूस माझ्यासमोर म्हातारा होताना मी तेव्हा पाहिला. मी त्यांना हात धरून बाकावर बसवलं तेव्हा ते म्हणाले, "मला कोणी सांगितलं नाही हो." थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले.

विश्वस्तांनी त्याच दुपारी मतदान केलं. एक मत विरुद्ध पडलं. संघ बंद झाले. ते कोणी काहीही बोललं असतं तरी झाले असते, असं मी परतीच्या वाटेवर त्यांना समजावलं. ते खरंही असेल. पण वकीलबाईंनी समितीच्या ग्रुपमधून साडूभाऊंना काढलं, ताई आठवडाभर जेवणाचं ताट न बोलता वाढत होत्या, आणि ईराने घरी फोन करणं बंद केलं.

साडूभाऊ रोज सकाळी तिला मेसेज करायचे. माफी मागायची असते तेव्हा मराठी बाप काय लिहितो, हे मला त्या काळात कळलं. 'इकडे बर्फ पडला.' दुसऱ्या दिवशी, 'आज ऊन आहे.' तिसऱ्या दिवशी, 'गाडीचं ऑइल बघितलंस का?' तिच्याकडून अंगठ्याचं चित्र यायचं. ते आलं की हा माणूस मला ऑफिसात फोन करून सांगायचा, "आलं उत्तर." अध्यक्षांना पत्रं लिहिणं त्यांनी बंद केलं. फुटबॉलवर कोणी बोलायला लागलं तर पाणी आणायला उठून जायचे. मंडळाच्या तिळगुळाला त्या हृदयरोगतज्ज्ञांनी मुद्दाम त्यांना डिवचलं, तर म्हणाले, "तुमचंही बरोबर असेल." डॉक्टरांनी काळजीने मला बाजूला घेऊन विचारलं, यांचं ब्लड प्रेशर कधी तपासलं होतं?

तीन आठवड्यांनी एका रविवारी सकाळी आमच्याकडे पोहे खायला सगळे जमलो असताना ईराचा फोन आला, आणि तो आईला नाही, बापाला आला. साडूभाऊंच्या हातातला चमचा बशीत पडला आणि गडबडीत फोन स्पीकरवर गेला.

"बाबा, एक विचारायचंय. वेस्ट कोस्टच्या एका स्कूलने ऑफर दिलीये. फुल स्कॉलरशिप, डाइव्ह करता येईल. पण माझे खूप क्रेडिट्स ट्रान्सफर होणार नाहीत, डिग्री लांबेल. तुला काय वाटतं?"

आम्ही सगळ्यांनी बशा खाली ठेवल्या. या माणसाला जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल काहीतरी वाटतं, आणि ते सांगायला दुसऱ्याने श्वास घ्यायचीही वाट तो बघत नाही. त्यांनी तोंड उघडलं. ताईंनी डोळे मिटले. साडूभाऊंनी तोंड मिटलं. मग म्हणाले, "तुला काय वाटते, ते सांग आधी."

मग ईरा म्हणाली, "सॉरी, हू इज धिस?"

ताई हसल्या, आणि हसताहसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. ईरा मग खूप वेळ बोलली आणि साडूभाऊ फक्त "हो", "बरं", "अच्छा" करत राहिले. तिने ठरवलेलंच होतं. डिग्री इथेच पुरी करायची. डायव्हिंग हंगामासोबत संपवायचं. "आय ॲम सॅड, बाबा. पण मी ठरवलंय." फोन ठेवायच्या आधी म्हणाली, "लास्ट होम मीटला ये. आणि काकांना आण, तू ड्राइव्ह करू नकोस."

ती शेवटची स्पर्धा फेब्रुवारीत एका शनिवारी सकाळी होती. क्लोरीनच्या वासाने डोळे चुरचुरत होते. एरवी इथे पालकांपलीकडे कोणी नसतं, पण त्या दिवशी बाकं बऱ्यापैकी भरली होती. वकीलबाई चार रांगा खाली होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि मान इतकी किंचित हलवली की ती माफी होती की मानेचं दुखणं, हे मला ठरवता आलं नाही. ताई पुढे जाऊन त्यांच्याशेजारी बसल्या. साडूभाऊ सगळ्यात मागच्या बाकावर पाण्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसले. ईराची उडी या गृहस्थांनी एवढ्या वर्षांत एकदाही पाहिलेली नाही. बघवत नाही म्हणतात. ते ऐकतात. अंग सरळ रेषेत पाण्यात शिरलं तर जाड कापड टर्रकन फाडल्यासारखा आवाज येतो, नाहीतर धप्प होतं. त्या आवाजावरून ते गुण सांगतात, आणि बहुतेकदा पंचांपेक्षा अर्ध्या गुणाने कमीच सांगतात.

पहिली फेरी सुरू व्हायची होती तेवढ्यात एक उंच बाई जिना चढून आली. पन्नाशीची असावी. अंगात फुटबॉल संघाचं जाड जाकीट होतं, आणि पोहण्याच्या तलावावर ते लोकांच्या डोळ्यांत खुपत होतं. ती आमच्यापाशी थांबली आणि साडूभाऊंना म्हणाली, "त्या बैठकीत बोललात ते तुम्हीच ना?"

साडूभाऊ अंग चोरून म्हणाले, "हो."

"माझा मुलगा फुटबॉल खेळतो इथे. पुढच्या फळीत. मी त्या दिवशी मागे बसले होते. मीही बोलायला नाव दिलं होतं. मला भीती होती की सगळे मिळून माझ्या मुलाला चोर म्हणतील." ती त्यांच्या शेजारी टेकली. "तुम्ही बोललात आणि मग मी माझं नाव मागे घेतलं. मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. शनिवार-रविवारी दुसरी नोकरी होती, ती यंदा मुलाचे पैसे सुरू झाले तशी सोडली. चार वर्षं माझा मुलगा खेळतोय, पण हा पहिला हंगाम मी मैदानावर जाऊन पाहिला. ते पैसे मी परत देणार नाही."

"देऊही नका," साडूभाऊ पटकन म्हणाले.

"नाही देणार. पण वाटलं, काय बंद होतंय ते एकदा आपल्या डोळ्यांनी बघून यावं." तिने खाली नजर टाकली. "तुमची कोणती?"

"अंबाडा घातलेली. डाव्या मनगटाला पांढरी पट्टी आहे बघा."

"आणि तुम्ही भिंतीकडे का बघताय?"

साडूभाऊंनी कारण सांगितलं. ती बाई हसली नाही. तिने त्यांच्या स्वेटरची बाही धरली आणि म्हणाली, "मी सांगते मग." आणि सांगू लागली. तिला खेळातलं काही कळत नव्हतं, कुठली उडी अवघड, कुठली सोपी, काही नाही. "शिडी चढली... टॉवेलने हात पुसतेय... चालत पुढे आली... देवा, ती आता पाण्याकडे पाठ करून टोकावर उभी आहे, फक्त चवड्यांवर! हात वर केले..." आणि मग खालून टर्रकन आवाज. "साडेसात," साडूभाऊ भिंतीला सांगायचे. ती बाई पंचांचे फलक वाचून ओरडायची, "आठ! तुम्ही फार कडक आहात हो."

अशा सहा उड्या. सहाव्या वेळी ईरा शिडी चढली तेव्हा तिच्या मैत्रिणी तलावाच्या काठावर एका रांगेत येऊन उभ्या राहिल्या. टाळ्या थांबल्या. बाई म्हणाली, "वर गेली... उभी आहे... नुसतीच उभी आहे..." आणि तिने साडूभाऊंची बाही आणखी ओढली. फळी एकदा खडखडली. साडूभाऊंचा हात बाकाच्या कडेवर पांढरा पडला होता. आणि मग तो आवाज आला, इतका स्वच्छ की पाणी उडाल्याचा सळसळाटसुद्धा ऐकू आला नाही. साडूभाऊंनी गुण सांगितले नाहीत.

सगळे प्रेक्षक उठून उभे राहिले. ती बाईही उभी राहिली, बाही न सोडता, त्यामुळे साडूभाऊंनाही उठावं लागलं. ईरा पाण्यावर आली आणि काठाला हात टेकून तशीच थांबली. बाईने डोळे पुसले आणि विचारलं, "आता पुन्हा कधी आहे तिची पाळी?"

साडूभाऊ पाण्याकडे वळले.

"नाही," ते म्हणाले. "एवढीच होती."

खाली पाण्यावरची वर्तुळं एकेक करून कडेला लागत होती. ती सगळी विरेपर्यंत दोघंही तिथेच उभी राहून बघत होती.